घोंगडीआडचं दूध

दूध बंद करून पुरता दिवस उलटला होता, तरी कोकराच्या तोंडाला दुधाचा वास येत होता.

मी त्याचं तोंड उघडून पुन्हा हुंगलं. सकाळी ओव्याचं पाणी पाजलं होतं, त्याचा वास नावालाही नव्हता. पोटावर टिचकी मारली तर आतून पोकळ आवाज आला. मागचे पाय पांढऱ्या-पिवळ्या हगवणीनं बरबटलेले होते. कालच मी ते कोमट पाण्यानं धुऊन चिंधीनं पुसले होते.

"तुला पाजलं कुणी?" मी त्यालाच विचारलं. त्यानं माझ्या पदराचं टोक तोंडात घेतलं आणि चोखायला लागलं.

माझे वडील साखर कारखान्यावर वॉचमन होते. जातीनं आम्ही धनगर, पण आजोबांच्या काळातच मेंढरं विकून झाली होती. मी कारखान्याच्या चाळीत वाढले, नववीपर्यंत शिकले, आणि मेंढरू पाहिलं ते रस्ता अडवून उभं राहिलेलं, तेवढंच. लग्न मात्र माणदेशातल्या अशा घरात झालं, की जिथं दिवाळी सरली की घरातली अर्धी माणसं मेंढरं घेऊन पुण्याच्या बाजूला निघायची आणि पावसाच्या तोंडावर परत यायची. पहिलं वर्ष मी गावाकडच्या घरी थोरल्या जावेबरोबर काढलं. नवरा आहे, पण दिसत नाही. देवळातल्या देवाची गाठ तरी रोज पडते. दुसऱ्या वर्षी मी सासूच्या मागं लागले की मलाही न्या.

सासूला मी आत्या म्हणायची आणि सासऱ्यांना मामा. म्हणजे मामा म्हणायची ती मनात. त्यांच्यापुढं डोक्यावर पदर घ्यायचा आणि तोंड मिटून उभं राहायचं, ही आमच्या घरातली रीत. त्यांना मला काही सांगायचं असलं तर ते आत्याला सांगायचे. आत्या नसली तर घोड्याला सांगायचे आणि मी ऐकायची.

निघायच्या दिवशी सगळी भावकी निरोप द्यायला जमली होती. मामांनी मला घोड्यावर भांडी चढवताना पाहिलं आणि सगळ्यांसमोर आत्याला म्हणाले, "कारखान्याची पोर हाय ती. तिला वाटंवर कुटं संबाळायची? बरं, यिऊ दे. पन एक कोकरू हातावर जगवून दावाय सांग तिला. जगलं तर ऱ्हाईल आपल्यासंगं. न्हाई जगलं तर गावाकडनं दाण्यांची जीप येती, तिच्यात बसवून माघारी."

भावकी हसली. मीही पदराआड हसले. मला वाटलं, कोकरू जगवायचं म्हणजे त्यात काय एवढं?

कालव्याकाठच्या एका मळ्यात आमचा तळ पडला होता. मळेवाल्याला शेतात लेंड्यांचं खत हवं होतं, म्हणून मेंढरं बसवली होती. तिथं एक मेंढी व्याली आणि सकाळपर्यंत गेली. मामांनी ओलं कोकरू आणून माझ्या पायाशी ठेवलं आणि घोड्याला म्हणाले, "हे बघ, हे आता तिचं." घोड्यानं शेपटी हलवली.

आता आमच्या घरातली आणखी एक रीत सांगते, कारण तिच्यावाचून पुढचं काही कळायचं नाही. पोरक्या कोकराला दूध पाजायचं ते घोंगडीआड, सगळ्यांकडं पाठ करून. किती पाजलं, कधी पाजलं, हे तोंडातून काढायचं नाही आणि दुसऱ्यानंही विचारायचं नाही. बोललं की नजर लागते. आईवाल्या कोकराला आईची राखण असते, पोरक्याला कुणाची? म्हणून ही घोंगडी. मला ते आवडलं होतं. औषधाची धुतलेली बाटली, तिला बाजारातून आणलेलं रबरी निपल, कोमट केलेलं शेळीचं दूध, आणि अंगावर घोंगडी घेऊन मी आणि कोकरू आत. ते ढुशा देत चुरूचुरू प्यायचं आणि त्याची शेपटी माझ्या मनगटावर आपटत राहायची. त्या घोंगडीत मला पहिल्यांदा वाटलं की आपलं इथं काही तरी आहे.

सुरुवातीला ते छान चाललं. मग पोट फुगायला लागलं. मग हगवण लागली.

मी दूध कमी केलं, फरक पडला नाही. त्यात पाणी मिसळलं, तरी नाही. मग दूध बंद करून नुसतं ओव्याचं पाणी सुरू केलं, आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्या तोंडाला तो वास आला.

माझा स्वभाव आधीच शंकेखोर. पहिला संशय मी मेंढ्यांवर घेतला. एखादी मेंढी हळूच त्याला पाजत असेल. म्हणून मी कोकराला कळपात सोडून पाहिलं. ज्या मेंढीजवळ ते गेलं तिनं त्याला डोक्यानं असं उडवलं, की मलाच जाऊन उचलून आणावं लागलं. दुसरा संशय मी स्वतःवर घेतला. हसू नका. दिवसभराच्या कामानं मी अशी गळून जायची, की झोपेतच उठून पाजते की काय, असं मला खरंच वाटलं. मी बाटली धुऊन तिच्यात चुलीतली राख भरून ठेवली. सकाळी राख जशीच्या तशी होती, आणि कोकरू जास्तच फुगलेलं होतं.

शेवटी न राहवून मी रीत मोडली. आत्या भाकऱ्या थापत होती, तिच्याजवळ बसून सांगून टाकलं की मी दूध बंद केलंय, तरी कोकरू हगतंय, आणि त्याच्या तोंडाला दुधाचा वास येतोय.

आत्याचा हात परातीतच थांबला. आधी तिनं इकडंतिकडं पाहिलं. मग हळू आवाजात मला रागावली, की असलं कुणी मोठ्यानं बोलतं का. नंतर विचारलं, "बंद म्हंजी? उपाशी ठिवलंयस व्हय त्याला?"

मी म्हटलं, पोटाला आराम पडावा म्हणून.

"आगं, जल्मून आठवडा न्हाई झाला त्या जिवाला. आराम कसला?" एवढं बोलून ती पुन्हा भाकरी थापू लागली. ती भाकरी एका बाजूला जाड झाली. थोड्या वेळानं म्हणाली, पाणी संपलंय, कालव्यावर जाऊन ये. मी पाहिलं तर दोन्ही घागरी गळ्यापर्यंत भरलेल्या होत्या. पण सासूनं पाणी आण म्हटलं की आणायचं, घागरीत डोकावून बघायचं नसतं. मी एक घागर झाडाच्या बुंध्याशी ओतली आणि निघाले.

परत आले तेव्हा कोकराच्या तोंडाला वास होता. मला वाटलं, आता माझ्या नाकातच तो वास बसलाय.

नवऱ्याला सांगून बघावं म्हटलं. धुळाजी नाव त्यांचं. तेव्हा मी ते नाव घेत नसे, आता म्हातारपणी घेते आणि तेच लाजतात. सांजेला ते मेंढरं वाघरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोंडत होते. मी म्हटलं, काही तरी बाहेरचं आहे, कोकरू न पिता पितंय. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. जाळीची खुंटी ठोकत राहिले. ती कधीच जमिनीत गेली होती.

"लई इचार करू नगंस," ते म्हणाले. "जगंल ते."

"आणि नाही जगलं तर?"

"जीप यायला अजून येळ हाय."

येळ नव्हताच. येत्या बाजाराला जीप येणार होती, हे दोघांनाही ठाऊक होतं. मला त्यांचा असा राग आला, की त्या रात्रीची चटणी मी मुद्दाम तिखट केली. त्यांनी नाक ओढत खाल्ली आणि चांगली झालीय म्हणाले.

मामांचं वागणंही मला कळेना. दिवसभर मेंढरांमागं असणारा माणूस, त्या आठवड्यात दोनदा ऐन दुपारी तळावर आला. एकदा कुठली मेंढी लंगडतेय म्हणून तिला घेऊन आले. मला तर ती चांगली चार पायांवर चालताना दिसली. मी पदर ओढून बाजूला झाले. त्यांनी कोकराकडं बराच वेळ पाहिलं आणि घोड्याला म्हणाले, "कोकरू वाळलं रं." मला वाटलं, म्हातारा जीपची तयारी करतोय.

मग एक दिवस असा आला, की आत्या मळेवालीबरोबर गावात दळणाला गेली, पुरुष लांबच्या रानात गेले, आणि मी तळावर एकटीच राहिले. कोकरू दिवसभर माझ्या मांडीवर. ओव्याचं पाणी आणि उकळून गार केलेलं साधं पाणी, बास. संध्याकाळपर्यंत त्याचं पोट उतरलं. ते उठून चार पावलं चाललं, आणि एक उडीसुद्धा मारली. मला इतका आनंद झाला, की मी घोड्यालाच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी कालव्यावर धुणं धुऊन आले आणि पोट पुन्हा फुगलेलं.

आता मला वाटलं की आपल्याला कोडं सुटलं. मी जवळ असले की बरं असतं, मी गेले की बिघडतं. म्हणजे कोकरानं माझा ध्यास घेतलाय! मी दिसले नाही की ते माती खातं, लोकर चाटतं, काहीबाही पोटात घालतं. नववी शिकलेल्या डोक्यानं काढलेलं अनुमान ते. मनातून मला थोडा अभिमानही वाटला. मी जुन्या लुगड्याची झोळी केली, त्याला पाठीशी बांधलं आणि जिकडं जाईन तिकडं घेऊन जाऊ लागले. पाण्याला, सरपणाला, मळेवालीच्या दारात ताक मागायला. मळेवाली म्हणाली, लेकरू होण्याआधीच सवय करतेस की काय. आत्या मात्र हसली नाही. ती माझ्या पाठीवरच्या झोळीकडं बघत राहिली, आणि दिवसभर काही ना काही निमित्त काढून म्हणत राहिली, ठेव की त्याला खाली, दमशील. मामा तिसऱ्यांदा दुपारचे आले, माझ्या पाठीवरचं कोकरू पाहिलं आणि आल्या पावली परत गेले.

झोळीतल्या त्या दिवशी कोकरू पुन्हा सुधारलं. उद्या बाजार, उद्या जीप, आणि कोकरू जिवंत. संध्याकाळी मी त्याला जाळीजवळ घोंगडीच्या तुकड्यावर ठेवलं आणि चुलीपाशी बसले. सगळ्यांच्या भाकऱ्या करायच्या होत्या, सकाळी रानात न्यायच्याही. पाठ कोकराकडं होती. मी गाणं म्हणत होते, हे मला चांगलं आठवतं, कारण आत्यानं येऊन विचारलं होतं की आज एवढा आनंद कशाचा.

सकाळी ते मेलेलं होतं. पोट टम्म फुगलेलं, चारी पाय ताठ. अंग अजून पुरतं गारही पडलं नव्हतं.

मी रडले नाही. मला काही समजतच नव्हतं, आणि समजल्याशिवाय मला रडता येत नाही. मी माझं गाठोडं बांधायला घेतलं. दोन लुगडी, फणी, आरसा. नवरा आला, उभा राहिला, गेला. आत्या तोंडाला पदर लावून चुलीपाशी बसली. जीप आली. तिच्यातून गावाकडची पोती उतरली आणि ड्रायव्हर, तो भावकीतलाच होता, गाठोड्याकडं बघून म्हणाला, "म्हंजी वहिनी येत्यात तर माघारी."

मामा म्हणाले, "थांब जरा."

त्यांनी कोकरू उचलून मोकळ्या जागेत नेलं. जनावर कशानं मेलं हे कळलं नाही तर ते फाडून बघायची त्यांची सवय होती, कारण रोग असला तर कळप वाचवायला हवा. आम्ही सगळे भोवती उभे राहिलो. त्यांनी सुरी चालवली आणि पोटाची पिशवी उघडली.

आत दूध होतं. थोडंथोडकं नाही. पांढऱ्या चिकट गुठळ्या, दह्यासारख्या, मुठी भरून निघतील इतक्या. आंबट वास सगळीकडं पसरला.

ड्रायव्हरनं माझ्याकडं पाहिलं. "दूध बंद केलं हुतं न्हवं वहिनींनी?" म्हणजे पोती उतरवताना कुणीतरी त्याला सांगितलं होतं. ज्या पोटात मी ओव्याच्या पाण्याशिवाय काही घातलं नव्हतं, ते पोट माझ्यासमोर दुधानं भरलेलं पडलं होतं. मी खोटी ठरले होते, आणि मी खोटी नव्हते, हे मला एकटीला ठाऊक होतं. त्या क्षणी तर मलाही त्याची खात्री वाटेना.

मामा खाली बसलेलेच होते. सुरी मातीत पुसत होते, पुसून झाली तरी पुसत होते. वर न बघता म्हणाले, "तिचं न्हाई ते. माजं हाय."

सुरी त्यांनी बाजूला ठेवली.

"गावंल तवा दुपारी पाजत हुतो, मेंढीचं. काल दिसभर तिच्या पाटीवर हुतं, गावलं न्हाई, म्हून सांजंला जरा जादा दिलं." मग त्यांनी त्या गुठळ्यांकडं पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पन येवडं न्हाई पाजलं म्या. येवडं कसं?"

आत्यानं तोंडावरचा पदर काढला. "माज्या द्येवा," ती म्हणाली. "म्या बी पाजलं. ही पान्याला गेली की पाजायची, शेळीचं. ही उपाशी मारतीया त्याला, असं वाटलं मला. कालबी सांजंचं पाजलं."

सगळ्यांच्या माना नवऱ्याकडं वळल्या. त्यांनी डोक्यावरचं मुंडासं काढलं, पुन्हा घातलं. "मळ्यातनं म्हशीचं आनत हुतो," ते म्हणाले. "म्हटलं, म्हशीच्या दुदानं लवकर ताकद यील."

तीन जनावरांचं दूध, तिघांच्या हातांनी, तीन घोंगड्यांआडून. रीतीप्रमाणं कुणी कुणाला काही बोललं नव्हतं. मी दूध कमी केलं की कोकरू वाळायचं, ते वाळलं की ही तिघं जास्त पाजायची, आणि जास्त पाजलं की मी आणखी कमी करायची.

ड्रायव्हरला यातलं काही पटेना. तो मामांना म्हणाला, "पन काका, तुमीच म्हनला हुता की ही वाटंवर टिकायची न्हाई. मग तुमी कशापायी पाजीत हुता?"

मामांनी सुरी उचलून कमरेला खोचली. कळपात पन्नास वर्षं घालवलेला माणूस, आणि कोकरू आपल्या हातानं मेलं हे भावकीतल्या माणसासमोर बोलून बसला होता. गावाकडं पोत्यांआधी ही गोष्ट पोचणार होती.

"बोललो तवा बोललो," ते म्हणाले. "मग हिला चालताना बगितली. पायाला फोड आलं, पन तोंडातनं शबुद न्हाई. चालंल ही, असं वाटलं. पन चार मान्सांत बोललेलं गिळायचं कसं? म्हटलं, कोकरूच जगवावं."

आत्या रडायला लागली. रडता रडता म्हणत होती की या वाटंवर इतकी वर्षं ती एकटीच बाई, बोलायचं कुणाशी, घोड्याशी की मेंढरांशी, आणि आता कुठं एक माणूस मिळालं होतं. नवरा जमिनीकडं बघत होता. आणि मला एकदम हसू यायला लागलं. समोर ते फाडलेलं कोकरू, त्याची शेपटी माझ्या मनगटावर कशी आपटायची ते मला आठवत होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि हसू काही थांबेना. मला आपल्यात ठेवून घ्यायला तिघं धडपडत होती आणि त्यापायी एक जीव गेला होता. त्या सकाळी मला आनंद झाला होता की दुःख, हे मला आजही सांगता येत नाही. एवढं मात्र खरं, की आयुष्यात त्याआधी आणि त्यानंतर मला कुणी इतकं हवंहवंसं मानल्याचं आठवत नाही. आणि ज्याच्यामुळं ते मला कळलं, ते कोकरू तिथं मातीत पडलं होतं.

मामा उठले. ड्रायव्हरला म्हणाले, "तू जा. हितनं कुनी यायचं न्हाई."

मग ते माझ्याकडं वळले. आत्याकडं नाही, घोड्याकडं नाही. माझ्याकडं.

"वैजंता," ते म्हणाले. माझं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. "ती एका डोळ्यानं कानी मेंढी दोन दिसांत व्यायाची. म्हातारी झालीया, तिला दूध व्हायचं न्हाई. तिच्या कोकराला कुनी पाजायचं?"

मी पदर सावरला.

"मी पाजणार. आणि तुम्ही तिघांनी हात लावायचा नाही."

आत्या रडायची थांबली. नवऱ्यानं मान वर केली. सासऱ्याला असं तोंडावर सांगितलेलं त्या घरात आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

"बरं," मामा म्हणाले, आणि काठी घेऊन मेंढरं सोडायला गेले.